सिद्धान्त घटनेला लावायचा कसा? चवदार तळ्याच्या निमित्ताने समाजशास्त्राचा सराव

समाजशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत एक साचा नेहमी दिसतो. आधी पानभर मार्क्स, मग अर्धं पान मर्टन, मग दोन ओळी बेकर, आणि शेवटी ‘उदाहरणार्थ, महाडचा सत्याग्रह’. ताटाच्या कडेला लोणचं वाढावं तसं उदाहरण वाढलेलं असतं. असलं काय, नसलं काय, जेवणात फरक पडत नाही.

हा लेख उलट्या दिशेने जातो. आधी घटना घ्यायची, मग संघर्ष, विचलन (म्हणजे समाजाचा नियम मोडणं) आणि परिवर्तन या तिन्ही अंगांचे सिद्धान्त तिला एकेक करून लावायचे. जो काही नवं दाखवतो तो ठेवायचा, जो नुसताच शब्द पुरवतो तो बाजूला सारायचा. एम.ए.चा प्रकल्प असो, एमपीएससी-यूपीएससीचं उत्तर असो किंवा गावातल्या एखाद्या तंट्यावरचा लेख, रीत हीच. महाड घेण्याचं कारण सरळ आहे. तिथली नोंद तारीखवार मिळते, आणि नियम मोडणारा नेमका कोण, या प्रश्नाचं उत्तर तिथे दोनदा विचार करून द्यावं लागतं.

पायरी १: सिद्धान्ताला हात लावण्याआधी तारखा मांडा

एका कोऱ्या कागदावर फक्त काय घडलं ते लिहा. ‘अन्याय’, ‘क्रांती’, ‘शोषण’ हे शब्द या कागदावर नकोत. ते खोटे आहेत म्हणून नव्हे, ते निष्कर्ष आहेत म्हणून.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अशी सार्वजनिक ठिकाणं अस्पृश्यांना खुली व्हावीत, असा त्याचा आशय. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने ठराव करून चवदार तळं खुलं केलं. तीन वर्षं तो ठराव कागदावरच राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर ‘हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार’ अशी आवई उठली आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. हल्लेखोरांपैकी काहींना पुढे शिक्षाही झाली. तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य टाकून ‘शुद्धी’ करण्यात आली. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं होत होती, हा योगायोगच असावा. डिसेंबरमध्ये सवर्णांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली आणि तळ्यावर जाण्याचा बेत मात्र तहकूब झाला. दावा १९३१ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने लागला. अपिलं होत होत मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. अनादी काळापासूनची रूढी सवर्णांना सिद्ध करता आली नाही.

तारखा मांडल्याचा पहिला फायदा लगेच दिसतो. ‘महाडचा सत्याग्रह’ ही एक घटना नाही. मार्चची कृती वेगळी, डिसेंबरची वेगळी, दहा वर्षांची कोर्टातली लढाई आणखी वेगळी. पुढच्या पायऱ्यांत सिद्धान्त लावताना ‘यातल्या कुठल्या भागाला?’ हे प्रत्येक वेळी विचारायचं.

पायरी २: नियमांच्या दोन वह्या करा

माझ्या मते हीच सगळ्यात कामाची पायरी, आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात.

कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे कायद्याचा नियम, उजवीकडे रूढीचा. प्रत्येक नियमापुढे तीन गोष्टी लिहा: तो केला कुणी, मोडल्यास शिक्षा कोण देतं, आणि ती शिक्षा खरोखर होते का.

महाडची डावी वही अशी भरते: तळं नगरपालिकेचं, खुलं करण्याचा ठराव मंजूर, अंमलबजावणी करणारं कुणी नाही. उजवी वही: अस्पृश्यांनी पाण्याला हात लावायचा नाही. हा नियम कुणी कधी मंजूर केला त्याची नोंद नाही, पण मोडल्यास मारहाण, रोजगार बंद, गावात कोंडी. मुसलमान आणि ख्रिस्ती त्याच तळ्याचं पाणी घेत. गुरंढोरं पाणी पीत. म्हणजे उजव्या वहीतला नियम ‘हिंदूंचं तळं’ असाही नव्हता. तो फक्त काही जातींपुरता होता. ही नोंद वहीत ठळक करा, पुढे लागेल.

आता दोन्ही वह्या शेजारी ठेवून २० मार्चची कृती पाहा. डाव्या वहीप्रमाणे पाणी पिणाऱ्यांनी काहीच मोडलं नाही. त्यांनी नगरपालिकेचा ठराव पाळला. उजव्या वहीप्रमाणे त्यांनी मोठा अपराध केला. ‘विचलन’ हा शब्द लिहिण्याआधी ‘कुठल्या वहीप्रमाणे?’ हे सांगितलं नाही, तर पुढचं सगळं उत्तर पोकळ राहतं.

पायरी ३: संघर्ष कशासाठी होता ते शोधा

मार्क्सपासून सुरुवात करायला हरकत नाही, पण पाण्याच्या मालकीपाशी थांबू नका. अस्पृश्य लोक महाडला का येत? बाजाराला येत, आणि वतनदार गावकामगार म्हणून तालुक्याच्या कचेरीत सरकारी कामाला येत. राबायला बोलवायचं आणि तहान लागली की हाकलायचं, ही व्यवस्था श्रमाच्या विभागणीवर उभी होती. मार्चनंतर गावोगाव जो त्रास झाला त्यात आर्थिक कोंडी हे मुख्य हत्यार होतं, कारण जमीन आणि रोजगार कुणाच्या हातात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. इथपर्यंत वर्गविश्लेषण चोख चालतं.

अडतं ते पुढे. नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही मंडळी सवर्ण होती आणि परिषदेच्या बाजूने उभी होती. मनुस्मृती दहनाचा ठराव तर सहस्रबुद्ध्यांनीच मांडला. दुसरीकडे, पाण्याच्या प्रश्नावर चिडून उठायला श्रीमंत असण्याची गरज नव्हती. निव्वळ वर्गहितावरून ही फळी समजत नाही.

म्हणून वेबरकडे वळा. त्याने वर्ग, दर्जा (म्हणजे समाजातला मान) आणि पक्ष या सत्तेच्या तीन वेगळ्या वाटा मानल्या. चवदार तळ्यावरची लढाई दर्जाची होती. दर्जा टिकतो तो इतरांना काही गोष्टींपासून लांब ठेवूनच. वेबरचीच कल्पना फ्रँक पार्किनने १९७९ मध्ये पुढे नेली: वरचा गट खालच्याची वाट अडवतो आणि खालचा गट ती अडवलेली वाट हिसकावून घेतो. महाडला हे इतकं नेमकं लागू पडतं की सिद्धान्त इथूनच सुचला असावा असं वाटावं. डिसेंबरच्या भाषणात आंबेडकरांनी स्वतःच सांगितलं होतं की या तळ्याचं पाणी प्याल्याने आपण अमर होणार नाही आणि इतके दिवस ते प्यालो नाही म्हणून मेलोही नाही. जायचं ते आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे प्रस्थापित करायला. पाणी हे निमित्त, दर्जा हे कारण, असं आंदोलनाचा नेताच सांगत असेल तर विश्लेषकाने ते मनावर घ्यायला हवं.

डाहरेन्डॉर्फ (१९५९) एका प्रश्नासाठी ठेवा: सारखे हितसंबंध असलेले लोक प्रत्यक्ष गट कधी बनतात? नेतृत्व, विचार आणि संपर्काची साधनं लागतात, असं तो म्हणतो. महाडमध्ये दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे स्थानिक संघटक होते. (हेच मोरे पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेले, त्यामुळे वर्ग आणि जात यांतलं भांडण त्यांच्या एकट्याच्या चरित्रातही वाचता येतं.) सैन्यातून निवृत्त झालेले महार शिपाई होते. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर याच परिसरातले, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लेखणी हाती घेतली होती. १९२४ मध्ये आंबेडकरांची बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली, आणि मार्चच्या परिषदेनंतर दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ ला, त्यांचं ‘बहिष्कृत भारत’ हे पत्र सुरू झालं. डाहरेन्डॉर्फची यादी भरत गेली.

कोझरसाठी (१९५६) एकच परिच्छेद पुरे. बाहेरचा संघर्ष गटाला आतून बांधतो, हे त्याचं म्हणणं दोन्ही बाजूंना लावून पाहा.

शेवटी एक प्रश्न नक्की विचारा: कुणाशी भांडायचं नाही असं ठरवलं गेलं? डिसेंबरमध्ये हजारो लोक जमलेले असताना मनाई हुकूम मोडायचा नाही, असं ठरलं. जातीविरुद्धची लढाई सरकारविरुद्धच्या लढाईत बदलू द्यायची नव्हती. संघर्षाच्या विश्लेषणात टाळलेला शत्रू हा निवडलेल्या शत्रूइतकाच बोलका असतो.

पायरी ४: विचलनाचे सिद्धान्त घासून पाहा

दुरखाइमला १८९५ मध्येच एक गोष्ट दिसली होती. आजचा गुन्हेगार कधी कधी उद्याच्या नीतीची चाहूल असतो. त्याने सॉक्रेटिसचं उदाहरण दिलं होतं. महाडला हे लावताना पुरावा हवा, आणि तो आहे. १९५० च्या संविधानातलं कलम १७ आणि १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा पाहा. १९२७ मध्ये पाण्याला हात लावणारा समाजाच्या लेखी अपराधी होता. १९५५ नंतर त्याला अडवणारा कायद्याच्या लेखी अपराधी झाला. तळं तेच, पाणी तेच, अपराधी बदलला.

दुरखाइम शिक्षेबद्दलही बोलतो: अपराधावर तुटून पडताना गट आपली एकजूट पक्की करतो. १०८ घागरींच्या शुद्धीकडे त्या नजरेने बघा. तो विधी पाण्यासाठी कमी आणि तो करणाऱ्यांच्या आपापसातल्या खात्रीसाठी जास्त होता. ज्या तळ्यात गुरं पाणी पीत त्याची शुद्धी कशाची, हा प्रश्न तिथे गैरलागू होता.

मर्टनपाशी विद्यार्थी हमखास घसरतात. त्याच्या १९३८ च्या मांडणीत ध्येय आणि साधन यांच्या जुळणीवरून पाच खाने पडतात: अनुरूपता (दोन्ही मान्य), नवप्रवर्तन (ध्येय मान्य, साधन नवं), कर्मकांडवाद (साधन धरलं, ध्येय सोडलं), पलायन (दोन्ही सोडली) आणि बंड (दोन्ही नाकारून नवी मांडली). परीक्षेत ‘महाड’ म्हटलं की हात आपोआप ‘बंड’ या खान्याकडे जातो. पहिल्या पायरीतल्या तारखा काढा आणि तपासा. मार्चमध्ये सार्वजनिक सोयींचा समान वापर हे ध्येय विधिमंडळाने मान्य केलेलं होतं आणि साधन, म्हणजे शांतपणे जाऊन पाणी पिणं, नगरपालिकेने मंजूर केलेलं होतं. डाव्या वहीप्रमाणे ही चक्क अनुरूपता आहे! बंड दिसतं ते २५ डिसेंबरला. तिथे जुनी मूल्यं उघडपणे नाकारली गेली आणि त्या जागी नवी मांडली गेली. त्याच लोकांनी, नऊ महिन्यांत, एका खान्यातून दुसऱ्या खान्यात उडी घेतली. का? कारण मधल्या काळात ठराव रद्द झाला आणि कायद्याचं दार लोटलं गेलं. खाना सांगण्यापेक्षा खाना का बदलला हे सांगणं जास्त मोलाचं, आणि मर्टनचा खरा उपयोग तिथेच आहे.

मर्टनने पुढे आणखी एक फरक केला, तो फारसा कुणी वापरत नाही. नुसता नियम चुकवणारा लपूनछपून वागतो आणि नियमाची वैधता नाकारत नाही. तत्त्वासाठी नियम मोडणारा सगळ्यांदेखत मोडतो, नियमालाच आव्हान देतो आणि वरच्या मूल्याचा हवाला देतो. मिरवणुकीने, दिवसाढवळ्या, परिषदेनंतर तळ्यावर जाणं कुठल्या प्रकारात बसतं ते वेगळं सांगायला नको. रात्री गुपचूप पाणी भरणारा एखादा तहानलेला माणूस मात्र पहिल्या प्रकारातला. कृती एकच, समाजशास्त्रीय अर्थ दोन.

बेकरचा (१९६३) लेबलिंग सिद्धान्त इथे अर्धाच चालतो, आणि हे स्पष्ट लिहिण्याची हिंमत करा. कृती मुळात विचलित नसते, नियम लावणारे तिला तसं ठरवतात, हे म्हणणं दोन वह्यांशी छान जुळतं. पण बेकरच्या मांडणीत सहसा आधी कृती असते आणि मग शिक्का बसतो. अस्पृश्यतेचा शिक्का जन्माबरोबर येतो, कृतीची वाट बघत नाही. त्यासाठी गॉफमन जवळचा. त्याच वर्षी त्याने कलंकाचे जे प्रकार सांगितले, त्यात वंश, राष्ट्र आणि धर्म यांतून वारशाने येणारा कलंक वेगळा काढला होता. लेबलिंग पुरेपूर बघायचं असेल तर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा घ्या. अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या गेल्या, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहतींत ठेवल्या गेल्या. १९५२ मध्ये कायदा गेला, तरी पोलिसांच्या आणि गावाच्या नजरेतला शिक्का राहिला. लेमर्ट ज्याला दुय्यम विचलन म्हणतो, म्हणजे शिक्क्यामुळेच माणसाचं पुढचं आयुष्य त्या चाकोरीत ढकललं जाणं, ते तिथे दिसतं. महाडला ते ओढूनताणून लावू नका.

पायरी ५: परिवर्तन म्हणजे काय बदललं, ते मोजा

‘समाज बदलला’ हे वाक्य लिहू नका. काय बदललं, कधी, कुठल्या वहीत, आणि मागे फिरलं का, हे लिहा.

ऑगबर्नचं (१९२२) सांस्कृतिक पश्चायन पहिल्यांदा आठवतं: कायदा पुढे गेला, रूढी मागे रेंगाळली. मुळात त्याने हे तंत्रज्ञान आणि भौतिक साधनांबद्दल मांडलं, कायद्याला लावणं हा आपला विस्तार, एवढं नमूद करा. पण खरी अडचण वेगळी आहे. मागे राहिलेलं कधीतरी पुढच्याला गाठेल असं या कल्पनेत गृहीत असतं. महाडमध्ये उलट झालं. रूढी कायद्याच्या मागून आली नाही, तिने कायद्यालाच मागे ओढलं. ऑगस्ट १९२७ चा ठराव हा ऑगबर्नविरुद्धचा पुरावा म्हणून वापरा.

चळवळ कशी उभी राहते याबद्दलची मॅकअ‍ॅडमची (१९८२) त्रिसूत्री जास्त पकड देते. पहिलं सूत्र राजकीय संधीचं: बोले ठराव. त्याला १९२६ मध्ये दुसऱ्या ठरावाची जोड मिळाली, जुना ठराव न पाळणाऱ्या स्थानिक संस्थांचं अनुदान रोखण्याची. दुसरं संघटनबळाचं, ते तिसऱ्या पायरीत आलंच आहे. तिसरं म्हणजे ‘हे बदलू शकतं आणि आपण बदलू शकतो’ ही जाणीव. ही मोजायला कठीण, पण मार्चच्या परिषदेत मेलेल्या गुरांचं मांस सोडण्याचं आवाहन झालं आणि डिसेंबरमध्ये आंबेडकर स्त्रियांशी लुगडं नेसण्याच्या पद्धतीबद्दल, अंगावरच्या जड दागिन्यांबद्दल बोलले, या नोंदी तिचे धागे देतात.

याच नोंदींवर एक चांगला वाद उभा करता येतो. एम. एन. श्रीनिवास यांच्या संस्कृतीकरणाच्या कल्पनेत खालची जात वरच्या जातीचे आचार उचलून वर सरकण्याची धडपड करते. मांस सोडणं, पेहराव बदलणं हे वरवर तसंच दिसतं. पण ज्या ग्रंथाच्या आधारे वरखाली ठरतं तोच जाळणारे लोक त्याच शिडीवर चढायला निघाले होते असं म्हणणं पटत नाही. माझं मत असं की इथे आचार बदलले ते अस्पृश्यतेच्या खुणा पुसण्यासाठी, सवर्ण होण्यासाठी नव्हे. तुम्ही उलट बाजू घेऊ शकता, फक्त २५ डिसेंबरचं काय करायचं ते सांगावं लागेल.

जमाव कसा उसळतो याबद्दलचा स्मेल्सरचा (१९६२) सिद्धान्त आंदोलकांवर लावण्याची सगळ्यांना सवय असते. तो हल्लेखोरांवर लावून पाहा. ताण, पसरलेली समजूत, ठिणगी, जमवाजमव, नियंत्रणाचा अभाव: देवळात घुसणार ही आवई म्हणजे त्यातली समजूत आणि ठिणगी दोन्ही. त्या दिवशी बेभान जमाव हल्ला करणारा होता. निवृत्त सैनिक असूनही परिषदेची माणसं नेत्याच्या सांगण्यावरून हात आवरून राहिली. गर्दीचं मानसशास्त्र नेहमी खालच्या गटाच्या माथी मारलं जातं, ते या एका उलटापालटीने उघडं पडतं.

पायरी ६: प्रत्येक सिद्धान्ताला अडचणीत आणणारी एक गोष्ट लिहा

मार्क्ससाठी सहस्रबुद्धे. ऑगबर्नसाठी ऑगस्टचा ठराव. बेकरसाठी जन्माचा शिक्का. वेबरसाठी आर्थिक कोंडी, कारण दर्जाची लढाई शेवटी पोटावर आलीच. अडचणीची गोष्ट सापडत नसेल तर सिद्धान्त फार चांगला आहे असं नसतं, तुम्ही पुरेसं शोधलेलं नसतं.

पायरी ७: कागद कुणाचा आहे ते बघा

उच्च न्यायालयाचा निकाल तळ्याची मालकी आणि रूढीचा पुरावा यांपुरता बोलतो. अपमान हा त्याचा विषयच नाही. ‘बहिष्कृत भारत’ चळवळीचं पत्र होतं, त्यात चळवळीची बाजू असणारच, आणि तीच तर हवी असते. त्याचे अंक महाराष्ट्र शासनाने पुन्हा छापले आहेत, मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. मोरे यांच्या आठवणीही छापील आहेत. सवर्ण बाजूचं म्हणणं कोर्टातल्या दाव्यात आणि त्या काळच्या वृत्तपत्रांत शोधा. परिषदेला आलेल्या साध्या स्त्री-पुरुषांचे स्वतःचे शब्द फार कमी उरलेत. ती पोकळी आपल्या कल्पनेने भरू नका, पोकळी आहे असं लिहा.

पायरी ८: लिहिताना

सुरुवात दोन वह्यांमधल्या विसंगतीने करा, व्याख्येने नको. एका उत्तरात दोन किंवा तीनच सिद्धान्त घ्या आणि ते एकमेकांशी भांडू द्या. ‘मर्टनच्या मते…’, ‘बेकरच्या मते…’ अशी रांग लावण्यापेक्षा असं लिहिता येईल: ‘मार्च १९२७ ची कृती कायद्याच्या चौकटीत अनुरूप होती. तिला विचलन ठरवलं ते रूढीने. ठराव रद्द झाल्यावर मात्र त्याच आंदोलकांनी चौकटीचा आधारग्रंथच नाकारला. मर्टनचे खाने हा बदल दाखवतात, पण त्यामागची दर्जाची कोंडी समजायला वेबर लागतो.’ चार ओळींत घटना, दोन सिद्धान्त आणि एकाची मर्यादा आली. वीस गुणांच्या प्रश्नाला असे चार-पाच परिच्छेद पुरतात.

सरावासाठी त्याच जिल्ह्यातली पुढची गोष्ट घ्या. कुलाब्याचा रायगड झाला, आणि तिथल्या गावकीने कुटुंबांना वाळीत टाकल्याच्या तक्रारी अलीकडेपर्यंत येत राहिल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला, जुलै २०१७ पासून तो लागू झाला. दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीचीही सोय त्यात आहे. दोन वह्या करा. डाव्या वहीत ही कलमं, उजव्या वहीत गावकीचे नियम. मग पाहा: तक्रार करायला पोलीस ठाण्यात जाणं हे कुठल्या वहीप्रमाणे विचलन ठरतं, त्याची शिक्षा कोण देतं, आणि तडजोडीच्या कलमाचा फायदा नेमका कुठल्या वहीला होतो?